मेंदोसा, मेंडोन्सा, उर्तादो, फुर्ताडो: एका स्पॅनिश आडनावाचा माग

दप्तरखाना

वसई-गोव्याकडच्या आडनावांचा विषय निघाला की "हे मूळ स्पॅनिश का पोर्तुगीज?" हा प्रश्न हमखास येतो. एकच आडनाव घेऊन मुळापर्यंत गेलं तर बाकीच्या आडनावांसाठीही पद्धत हाताशी येते, म्हणून मेंदोसा घेतोय. स्पेन, मेक्सिको, पेरू, अर्जेंटिना, फिलिपाइन्स, सगळीकडे हे आडनाव आहे. पोर्तुगीज वळणाने त्याचंच मेंडोन्सा झालं आणि ते वसई, मुंबई, गोवा, मंगळूरपर्यंत आलं.

उगम एका खेड्यात आहे. उत्तर स्पेनमधल्या बास्क मुलखात आलावा नावाचा प्रांत आहे, राजधानी बितोरिया-गास्तेइस. शहराच्या पश्चिमेला साधारण दहा किलोमीटरवर मेंदोसा हे गाव, आता बितोरियाच्याच नगरपालिकेत मोडतं. तेराव्या शतकातली दगडी गढी तिथे अजून उभी आहे. बास्क भाषेत 'मेंदी' म्हणजे डोंगर, 'ओत्स' म्हणजे थंड आणि शेवटचा 'आ' नामाला चिकटणारा प्रत्यय. बास्क पाट्यांवर गावाचं नाव आजही मेंदोत्सा असं असतं. म्हणजे हे आपल्या '-कर' सारखं गावावरून पडलेलं आडनाव. मूळ अर्थ फक्त "त्या गावचा", घराणं कुठलंही असो.

मध्ययुगात आलावातल्या गढीवाल्या सरदारांमध्ये तट पडले होते. मेंदोसा एका बाजूला, गेव्हारा दुसऱ्या बाजूला, आणि पिढ्यान्‌पिढ्या मारामाऱ्या. १३३२ साली आलावाच्या सरदारांनी आपली जुनी सरदारसभा विसर्जित करून कास्तीलच्या (मध्य स्पेनमधल्या राज्याच्या) अल्फोन्सो अकराव्याचं राज्य मान्य केलं. त्याच राजाच्या काळात गोन्सालो यान्येस दे मेंदोसा दक्षिणेला माद्रिदजवळच्या ग्वादालाखारा शहरात गेला आणि ओरोस्को घराण्यातल्या ख्वानाशी लग्न करून तिथेच स्थिरावला. पुढे नाव गाजलं ते या ग्वादालाखाराच्या शाखेचं.

त्याचा मुलगा पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा १४ ऑगस्ट १३८५ ला पोर्तुगालमधल्या अल्जुबारोताच्या लढाईत मारला गेला. परंपरा सांगते की त्याने आपला घोडा कास्तीलचा राजा ख्वान पहिला याला देऊन त्याला निसटू दिलं. पेद्रोचा मुलगा दिएगो उर्तादो दे मेंदोसा कास्तीलचा आरमारप्रमुख झाला. दिएगोचा मुलगा इन्यिगो लोपेस दे मेंदोसा (१३९८–१४५८) म्हणजे कवी आणि सान्तिल्यानाचा पहिला मार्केस (ड्यूकच्या खालोखालची सरदारी पदवी). इन्यिगोच्या मुलांपैकी थोरला दिएगो उर्तादो १४७५ ला इन्फान्तादोचा पहिला ड्यूक झाला, आणि धाकट्यांपैकी पेद्रो गोन्सालेस (१४२८–१४९५) कार्डिनल आणि तोलेदोचा आर्चबिशप. इसाबेला-फर्दिनांदच्या दरबारात या कार्डिनलचं वजन इतकं होतं की लोक त्याला स्पेनचा तिसरा राजा म्हणत.

ही नामवंत शाखा माहीत असावी, पण आपल्या ओळखीच्या एखाद्या मेंदोसाला तिथे चिकटवण्याची घाई करू नये. का, ते पुढे येईलच.

घाटमाथा

धन्यवाद, वाचनखूण साठवली. एक शंका. आजोबा गोन्सालेस, बाप उर्तादो, मुलगा लोपेस, नातू परत उर्तादो. आडनाव मेंदोसा असेल तर मधलं हे काय? आपल्यासारखं वडिलांचं नाव मध्ये लावायचे म्हणावं, तर दिएगोचा मुलगा लोपेस कसा?

दप्तरखाना

नवशिक्यांची वंशावळ इथेच फसते, त्यामुळे जरा सविस्तर.

स्पॅनिशमध्ये '-एस' हा शेवट (लेखी शेवटचं अक्षर झेड) "चा मुलगा" असं सांगतो. गोन्सालेस म्हणजे गोन्सालोचा, लोपेस म्हणजे लोपेचा, यान्येस म्हणजे ख्वानचा. तेराव्या-चौदाव्या शतकापर्यंत हे बऱ्याचदा खरंच बापाचं नाव सांगायचं. पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसाचा बाप गोन्सालो होता, तिथे हिशेब जुळतो. पुढे मात्र हे गोठलं. मोठ्या घराण्यांनी आदल्या कर्त्या पुरुषाचं अख्खं नाव उचलायला सुरुवात केली. "इन्यिगो लोपेस", "दिएगो उर्तादो", "पेद्रो गोन्सालेस" हे तीन साचे मेंदोसांमध्ये फिरत राहिले. मुलाचं नाव इन्यिगो ठेवलं की लोपेस त्याच्यासोबतच येणार, बापाचं नाव काही का असेना.

परिणाम असा की एकाच नावाची चार-पाच माणसं वेगवेगळ्या पिढ्यांत सापडतात. ग्वादालाखाराचा एखादा "दिएगो उर्तादो दे मेंदोसा" कागदात आला तर साल, बायकोचं नाव आणि पदवी या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय तो कोणता ते ठरवायचं नाही. आंतरजालावरच्या तयार वंशवृक्षांत आजोबाची बायको नातवाला लागलेली दिसते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. सख्ख्या भावंडांची आडनावं एक असतीलच असं नाही. सान्तिल्यानाच्या मार्केसचा नातू, तेन्दिल्याचा दुसरा काउंट, १४९२ नंतर ग्रानादाच्या अल्हाम्ब्राचा पहिला किल्लेदार झाला. त्याची बायको फ्रान्सिस्का पाचेको. या जोडप्याची मुलं पाहा: लुइस उर्तादो दे मेंदोसा, आन्तोनियो दे मेंदोसा, दिएगो उर्तादो दे मेंदोसा आणि मारिया पाचेको. मारियाने आईचं आडनाव लावलं. १५२१ मध्ये नवरा ख्वान दे पादिल्याला फाशावर चढवल्यावर... नव्हे, शिरच्छेद केल्यावर तोलेदो लढवत ठेवणारी ती हीच मारिया. तिचा सख्खा भाऊ आन्तोनियो १५३५ मध्ये मेक्सिकोचा पहिला व्हाइसरॉय झाला. फक्त आडनाव पाहून हे दोघं बहीणभाऊ आहेत असं कोण म्हणेल?

मालमत्तेच्या अटीही असत. आईकडच्या आजोबांनी जमीन ठेवताना "भोगणाऱ्याने माझं आडनाव आणि माझी ढाल (घराण्याचं चिन्ह) लावावी" असं लिहून ठेवलं की धाकटा मुलगा ते आडनाव घ्यायचा. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकात आडनाव तुटलं म्हणून वंश तुटला असं धरू नये, आणि आडनाव जुळलं म्हणून वंश जुळला असंही नाही.

निर्मळकाठ

'उर्तादो' कुठून आलं यावरही लिहा. वसईत आणि गोव्यात फुर्ताडो आहेत, ते आणि हे एकच ना?

मोडीवाचक

निर्मळकाठ, शब्द एकच. जुन्या स्पॅनिशमधला शब्दारंभीचा 'फ' पुढे 'ह' झाला आणि मग तोही उच्चारातून गळला. लिहिताना एच राहिला, बोलताना उर्तादो. पोर्तुगीजने 'फ' सोडला नाही, म्हणून फुर्तादो आणि आपल्याकडे फुर्ताडो. अर्थ "चोरलेला", म्हणजे गुपचूप जन्मलेला. बाराव्या शतकातली राणी उर्राका आणि काउंट पेद्रो गोन्सालेस दे लारा यांच्या मुलाला, फेर्नान्दो पेरेसला, हे विशेषण लागलं होतं. मेंदोसांकडे ते लग्नसंबंधातून आलं असं जुने वंशावळकार सांगतात.

वंशावळकारांच्या सांगण्याला किती किंमत द्यायची याचं एक उदाहरण देतो. वर आलेल्या कार्डिनल पेद्रो गोन्सालेसचा अनौरस मुलगा रोद्रिगो. त्याला सेनेतेचा मार्केस ही पदवी मिळाली आणि सोबत "सिदचा काउंट" हीसुद्धा. सिद म्हणजे अकराव्या शतकातला वीर रोद्रिगो दियास दे बिवार. मुलाने आपलं नावही रोद्रिगो दियास दे बिवार इ मेंदोसा असं लावलं. पंधराव्या शतकात हे घराणं सिदशी नातं सांगू लागलं होतं आणि नाव हा त्या दाव्याचाच भाग होता. त्या काळातली छापील वंशावळ हाती आली की ती कोणी, कोणासाठी लिहवून घेतली हे आधी पाहावं.

सालसेतकर

पोर्तुगीज बाजू मी लिहितो.

आधी उच्चार आणि लेखन. स्पेनमध्ये जुनं लेखन सी अक्षराखाली शेपटी देऊन होत असे. ती शेपटीची सी स्पॅनिश अकादमीने अठराव्या शतकात मोडीत काढली आणि झेड आला. म्हणून १७०० च्या आधीच्या कागदांच्या सूचीत झेडने शोधलं तर अर्धी नावं निसटतात, शेपटीच्या सीने आणि साध्या सीने, दोन्ही प्रकारे शोधायचं. कास्तीलमध्ये आज उच्चार मेंदोथा, अमेरिका खंडात मेंदोसा. पोर्तुगीजने शेपटी ठेवली आणि 'स'च्या आधी अनुनासिक आलं: मेंदोंसा. इंग्रजी टंकयंत्रावर शेपटी नव्हती, त्यामुळे भारतीय कागदपत्रांत साधा सी उरला आणि परके लोक "मेंडोंका" वाचू लागले. काहींनी तो घोळ टाळायला एस वापरला. एकाच कुटुंबात शाळेच्या दाखल्यावर सी, पासपोर्टवर एस आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर शेपटीची सी, अशी तिन्ही रूपं असू शकतात. शोधताना पाचही लेखनं टाका: शेपटीची सी, साधी सी, एस, झेड, आणि मधला एन नसलेलं रूप.

मेंडिस, मेंडेस किंवा स्पॅनिश मेंदेस यांच्याशी गल्लत नको. ते मेंदो या माणसाच्या नावावरून आलेलं "मेंदोचा मुलगा" आहे. डोंगराशी किंवा आलावातल्या गावाशी त्याचा संबंध नाही.

भारतात हे आडनाव अधिकाऱ्यांबरोबर आलं. जुआंव द मेंदोंसा १५६४ मध्ये काही महिने पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर होता. आंद्रे फुर्तादो द मेंदोंसा याने १६०० मध्ये मलबारात कुंजाली मरक्काराचा किल्ला पाडला आणि १६०९ मध्ये तोही काही महिने गोव्यात गव्हर्नर होता. त्याच्या काळात (१५८० ते १६४०) स्पेन-पोर्तुगालची गादी एकाच राजाकडे होती, म्हणून स्पॅनिश कागदात हाच माणूस उर्तादो दे मेंदोसा असा भेटतो. दोन माणसं समजू नका.

आता ज्या मुद्द्यावर भावना दुखावतात तो. वसई किंवा गोव्यातलं मेंडोन्सा कुटुंब या अधिकाऱ्यांचं वंशज असण्याची शक्यता फार थोडी. सोळाव्या-सतराव्या शतकात धर्मांतर झालं तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेळी नवं नाव आणि आडनाव मिळत असे. धर्मपिता होणाऱ्या पोर्तुगीजाचं, बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा गावात वजन असलेल्या माणसाचं. एकाच वेळी बाप्तिस्मा झालेली, आपसात काही नातं नसलेली कुटुंबं एका आडनावाची होत. उलट, दोन भावांचे धर्मपिते वेगळे असले तर सख्खे भाऊ वेगळ्या आडनावांचे होत.

यात कमीपणा काहीच नाही. इथल्या मेंडोन्सांचं मूळ इथल्याच मातीत आहे आणि ते शोधायची साधनंही इथेच आहेत. गोव्यात सगळ्यात उपयोगी म्हणजे कोमुनिदादीचे, म्हणजे गावकीच्या संस्थेचे, कागद. गावकरी व्यवस्थेत गावकऱ्यांचे 'वांगड', म्हणजे कुळगट, असतात आणि धर्मांतरानंतरही कुटुंबाचा वांगड तोच राहिला. दोन मेंडोन्सा कुटुंबं वेगळ्या वांगडात असतील तर आडनाव एक असूनही मूळ वेगळं. मेंडोन्सा आणि डिसोझा एकाच वांगडात असतील तर बहुधा मूळ एक.

निर्मळकाठ

उत्तम प्रतिसाद. वसईपुरती भर घालते. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकली. किल्ल्यातली चर्चं ओसाड पडली, बरेचसे युरोपीय पाद्री निघून गेले. इथल्या कुटुंबांची कागदी साखळी त्या सुमाराला खिळखिळी होते. त्यामुळे आपल्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, वह्यांमधून जेवढं मागे जाता येतं तेवढं आधी पक्कं करावं, १६०० कडे उडी मारू नये. आणि आडनावाइतकीच आळी, पाखाडी, वाडीचं नाव आणि घराण्याचं टोपणनाव टिपून घ्यावं. एका गावात दहा घरं एकाच आडनावाची असतात, तिथे टोपणनावानेच घर वेगळं काढता येतं. वयस्कर माणसांना विचारताना "तुमचं मूळ आडनाव काय" असं विचारू नका, "गावात तुमच्या घराला काय म्हणतात" असं विचारा. उत्तर लगेच मिळतं.

पश्चिमवारा

फिलिपाइन्समध्ये हीच गोष्ट सरकारी हुकमाने झाली. २१ नोव्हेंबर १८४९ ला गव्हर्नर-जनरल क्लावेरिया याने हुकूम काढला: ज्यांच्याकडे पक्कं आडनाव नाही त्यांनी सरकारी यादीतून घ्यावं. सुमारे ६० हजार आडनावांची वर्णानुक्रमे यादी छापली आणि तिची पानं प्रांतोप्रांती, गावोगावी वाटली. हेतू करवसुलीचा होता. एकाच गावात शेकडो "दे ला क्रूस" आणि "दे लोस सान्तोस" असले तर कोणी कर दिला आणि कोणी नाही ते कळत नसे. काही गावांच्या वाट्याला एकाच अक्षराची पानं आली, त्यामुळे तिथली जवळजवळ सगळी आडनावं अजून एका अक्षराने सुरू होतात. चार पिढ्या एकच आडनाव लावल्याचं दाखवलं तर ते ठेवता येत असे.

तिथे मेंदोसा खूप आहेत. व्यवहारात याचा अर्थ असा की फिलिपिनो कुटुंबात १८४९ ची भिंत पहिल्यांदा ओलांडावी लागते. आधीच्या बाप्तिस्मा नोंदीत तोच माणूस वेगळ्या आडनावाने, किंवा दोन संतांच्या नावांनी, सापडतो. तिथे जुळणी आईवडिलांच्या नावांवर आणि बारांगायवर, म्हणजे वस्तीवर, करायची, आडनावावर नाही.

मेक्सिकोतही स्थानिक सरदारांनी व्हाइसरॉयचं आडनाव घेतलं. सोळाव्या शतकाच्या मध्याला त्लातेलोल्कोचा शासक होता डॉन दिएगो दे मेंदोसा, आणि तो पक्का नाहुआ, म्हणजे तिथल्याच मूळ लोकांपैकी, होता. गुलामांना मालकाचं आडनाव मिळत असे, तो तिसरा मार्ग.

घाटमाथा

अर्जेंटिनातलं मेंदोसा शहर, द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध आहे ते, त्याचा या घराण्याशी संबंध आहे का?

पश्चिमवारा

थेट आहे. २ मार्च १५६१ ला पेद्रो देल कास्तिल्योने ते वसवलं आणि चिलीचा गव्हर्नर गार्सिया उर्तादो दे मेंदोसा याचं नाव दिलं. हा कान्येतेच्या मार्केसचा मुलगा, पुढे स्वतः पेरूचा व्हाइसरॉय झाला. तो व्हाइसरॉय असताना १५९५ मध्ये मेन्दान्या हा दर्यावर्दी पॅसिफिकमध्ये निघाला आणि वाटेत लागलेल्या बेटांना त्याने "मार्केसास दे मेंदोसा" म्हटलं. आजची मार्केसास बेटं तीच. १५३६ मध्ये बुएनोस आइरेसची पहिली वसाहत टाकणारा पेद्रो दे मेंदोसा वेगळा, तो ग्रानादाजवळच्या ग्वादिक्सचा.

कावेरीतीर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मेंदोसा हे सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या) ज्यूंचं आडनाव आहे असं बऱ्याच संकेतस्थळांवर दिसतं. याद्या असतात, त्यात हे नाव असतं. खरं काय?

मोडीवाचक

त्या याद्या २०१५ च्या स्पॅनिश कायद्यानंतर फार पसरल्या. १४९२ च्या सुमाराला हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व मागता येईल असा तो कायदा होता, अर्जांची मुदत २०१९ मध्ये संपली. मेंदोसा नावाचे सेफार्दी ज्यू होते हे खरं. लंडनचा मुष्टियोद्धा डॅनियल मेंदोसा (१७६४–१८३६) हे प्रसिद्ध उदाहरण. पण धर्मांतरित ज्यूंनाही आडनाव बहुतेक वेळा धर्मपित्याचं किंवा आश्रयदात्या सरदाराचंच मिळालं, म्हणजे वर सालसेतकर यांनी सांगितलेला मार्गच. म्हणून "काही ज्यू मेंदोसा होते" यावरून "मेंदोसा म्हणजे ज्यू" असं निघत नाही. यादीत नाव असणं हा पुरावा नाही. लग्नाचे करार, धर्मपीठाच्या चौकशीचे कागद, लिव्होर्नो, आम्स्टरडॅम किंवा लंडनच्या ज्यू समाजाच्या वह्या, यांपैकी काही तरी हवं.

कावेरीतीर

कळलं. मग स्पेनमधल्या एखाद्या मेंदोसाचा माग घ्यायचा तर प्रत्यक्षात सुरुवात कुठून करायची? परदेशात बसून होतं का हे?

दप्तरखाना

बरंचसं होतं. क्रम मात्र मोडायचा नाही: माहीत असलेल्या शेवटच्या माणसापासून एकेक पिढी मागे.

पहिला टप्पा नागरी नोंदणीचा. स्पेनमध्ये ती १ जानेवारी १८७१ पासून आहे. जन्मदाखला मागताना "लितेराल" प्रकारचा मागा. "एक्स्त्राक्तो" म्हणजे सारांश, त्यात फार काही नसतं. लितेरालमध्ये मूळ नोंद शब्दशः असते आणि तीत आईवडिलांसोबत दोन्हीकडचे आजीआजोबा, त्यांची गावं, अनेकदा व्यवसायही. एका कागदात तीन पिढ्या. दाखला निःशुल्क असतो, न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून किंवा थेट त्या गावच्या नोंदणी कार्यालयाकडे मागता येतो. पूर्ण नाव, दोन्ही आडनावं, गाव आणि तारीख लागते. तारीख नक्की नसेल तर वर्षांची अरुंद मर्यादा द्या. "१८८० ते १९००" असं लिहिलं तर बहुधा उत्तर येत नाही.

गाव माहीत नसेल तर स्पेनच्या सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे आयएनईच्या, संकेतस्थळावर आडनाव टाकून ते आज कोणत्या प्रांतात किती आहे ते पाहता येतं. मेंदोसासारख्या पसरलेल्या आडनावाला याचा फारसा उपयोग नाही. दुसरं आडनाव दुर्मीळ असेल तर मात्र प्रांत सापडतो, म्हणून दोन्ही टाका.

दुसरा टप्पा पॅरिशच्या वह्या: बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. ट्रेंट धर्मसभेनंतर, १५६४ च्या सुमारापासून, त्या सर्वत्र सक्तीच्या झाल्या, काही ठिकाणी त्याआधीच्याही आहेत. बऱ्याच वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. बिस्काया आणि गिपुस्कोआ या शेजारच्या बास्क प्रांतांच्या नोंदींची सूची दोकुक्लिक या संकेतस्थळावर आहे; आलावासाठी बितोरियाच्या धर्मप्रांताच्या अभिलेखागाराची वेगळी सूची आहे. मेंदोसा गावाकडचं काही हवं असेल तर तिथेच जावं लागतं.

लग्नाची नोंद बाप्तिस्म्याआधी शोधा. त्यात वधूवर कोणत्या गावचे, कोणाचे मुलगे-मुली हे असतं, म्हणजे पुढची वही कुठली उघडायची ते कळतं. लग्न सहसा वधूच्या गावी लागत असे.

तिसरा टप्पा, वह्याच नसतील तर. ग्वादालाखारा, तोलेदो, माद्रिद भागात १९३६ च्या यादवीत पुष्कळ चर्चं जळाली आणि वह्याही गेल्या. इन्फान्तादोचा राजवाडासुद्धा त्याच डिसेंबरात बाँबहल्ल्यात जळाला. तिथे पर्याय तीन. एक, नोटरींचे दस्त: मृत्युपत्रं, हुंड्याचे करार, वाटण्या. शंभर वर्षांहून जुने दस्त प्रांतिक अभिलेखागारात खुले असतात. दोन, बिशपच्या कचेरीतले लग्नाच्या परवानगीचे कागद. नात्यातलं लग्न असेल तर त्यात वंशवृक्षच काढलेला असतो. तीन, मार्केस एन्सेनादाची १७५० च्या दशकातली पाहणी. कास्तीलच्या गावागावातल्या प्रत्येक घराची माणसं, जमीन, जनावरं तीत आहेत. गावांनी दिलेली सामान्य उत्तरं पारेस या सरकारी पोर्टलवर दिसतात. घराघराची माहिती प्रांतिक अभिलेखागारात. ही पाहणी बास्क प्रांतांत आणि नाव्हारात झालीच नाही, त्यामुळे मेंदोसा हे गाव तीत शोधू नका.

चौथा टप्पा, अमेरिकेला गेलेल्यांसाठी. सेव्हियाच्या इंडीज अभिलेखागारात प्रवासाचे परवाने आहेत. परवान्यात आईवडिलांची नावं आणि मूळ गाव असतं, हाच समुद्रापलीकडचा दुवा. सूची पारेसवर आहे. बेकायदा गेलेले, खलाशी आणि सैनिक मात्र तिथे बहुधा नसतात.

कुळ उमराव असल्याचा दावा तपासायचा असेल तर बाय्यादोलिद आणि ग्रानादाच्या चान्सियेरिया न्यायालयांतले "इदाल्गिया"चे खटले पाहा. कर भरायला लागू नये म्हणून माणूस आपण इदाल्गो आहोत हे सिद्ध करायचा, साक्षीदार आजोबा-पणजोबांपर्यंत सांगायचे. मोठ्या घराण्यांचे खासगी कागद तोलेदोच्या उमराव-अभिलेखागारात आहेत. ओसुना संग्रहात इन्फान्तादोचीही दप्तरं आहेत.

मोडीवाचक

वाचनाबद्दल दोन गोष्टी. सोळाव्या शतकातली कचेरीची स्पॅनिश लिपी, "प्रोसेसाल", लेखणी न उचलता लिहिलेली असते. मोडी वाचलेल्याला ही भानगड ओळखीची वाटेल: शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. सुरुवात १७५० नंतरच्या स्वच्छ वह्यांपासून करा, त्या पाद्र्यांचे ठरलेले वाक्प्रयोग पाठ झाले की मागे सरका. नोंदीचा साचा तोच असतो, त्यामुळे नाव कुठे येणार हे आधीच कळतं. आडनावांचे संक्षेप पहिल्या अक्षरावर आणि शेवटच्या झेडवर येतात, मधलं सगळं गळतं. फेर्नान्देस आणि एर्नान्देस यांत फसगत होते.

दुसरं, १३८३ च्या आधीच्या कास्तीलच्या कागदात साल "एरा" या जुन्या स्पॅनिश कालगणनेचं असतं. त्यातून ३८ वजा करायचे. आलावाच्या ज्या दस्ताचा दप्तरखाना यांनी उल्लेख केला त्यावर एरा १३७० आहे, म्हणून १३३२. पोर्तुगालमध्ये ही पद्धत १४२२ पर्यंत चालली. जुन्या वंशावळींत बाप मुलानंतर जन्मलेला दिसतो तेव्हा एका पिढीचं साल एराचं आणि दुसरीचं साधं घेतलेलं असतं.

सालसेतकर

दोन आडनावांचा क्रमही सांगायला हवा. स्पेनमध्ये वडिलांचं आडनाव आधी, आईचं नंतर, आणि बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. "गार्सिया मेंदोसा" असेल तर मेंदोसा आईचं. पुढच्या पिढीला ते जात नाही. पोर्तुगीजमध्ये उलट: आईचं मध्ये, वडिलांचं शेवटी. आपल्याकडची कार्यालयं शेवटचा शब्द म्हणजे आडनाव धरतात, त्यामुळे स्पॅनिश माणसाची नोंद आईच्या आडनावाखाली जाते. मराठी वर्तमानपत्रं गार्सिया मार्केसला नुसतं मार्केस म्हणतात तेही त्यामुळेच.

स्पेनमध्ये १९९९ च्या कायद्यापासून आईवडिलांनी ठरवलं तर आईचं आधी लावता येतं, आणि २०१७ च्या मध्यापासून वडिलांच्या आडनावाला आपोआप पहिला मान राहिलेला नाही. पहिल्या अपत्यासाठी जो क्रम ठरतो तोच पुढच्या सख्ख्या भावंडांना.

दप्तरखाना

आलावापुरती एक पुरवणी, कारण ती इतरत्र सापडत नाही. तिथे "वडिलांच्या नावाचं रूप + दे + गाव" असं जोडआडनाव पूर्ण स्वरूपात टिकून आहे: ओर्तिस दे साराते, रुइस दे गाउना, तसंच लोपेस दे मेंदोसा. हे सगळं मिळून एकच आडनाव. प्रांताबाहेर गेल्यावर कारकुनांनी कधी पुढचा तुकडा कापला, कधी मागचा. एकाच माणसाचे दोन मुलगे एकीकडे लोपेस आणि दुसरीकडे मेंदोसा झालेले दिसू शकतात. आलावाचं मूळ असल्याचा संशय असेल तर दोन्ही तुकड्यांनी आणि अखंड, अशा तिन्ही प्रकारे शोधा. आणि नावातला 'दे' उमराव असल्याची खूण नाही, शेतकऱ्यांच्या नावातही तो असतो.

घाटमाथा

शेवटचं. "मेंदोसा घराण्याची ढाल" छापलेले पट्टे, कप विकायला असतात. हिरव्या पार्श्वभूमीवर लाल पट्टा. ती खरी का?

मोडीवाचक

ढाल खरी, विक्रीचा दावा खोटा. हिरव्या क्षेत्रावर सोनेरी काठाचा तिरपा लाल पट्टा ही मेंदोसांची खूण आहे. ग्वादालाखाराच्या शाखेने ढाल तिरप्या फुलीने चार भागांत केली: वर-खाली हिरव्यावर लाल पट्टा, दोन्ही बाजूंना सोन्यावर निळ्या अक्षरांत "आवे मारिया, ग्रासिया प्लेना". ती अक्षरं दे ला वेगा घराण्याची, सान्तिल्यानाच्या मार्केसच्या आईकडून आलेली. कुठल्याही मेंदोसाला ही अक्षरांची ढाल विकतात तेव्हा त्याच्या गळ्यात एका विशिष्ट बाईचं माहेर बांधत असतात. ढाल कुळाची असते, आडनावाची नाही. त्या कुळापर्यंतचे दाखले हातात असतील तरच ती आपली, आणि दाखले असतील तर शाखेप्रमाणे ढाल बदलते, म्हणून दगडात कोरलेली मूळ ढाल पाहून घ्यावी. ग्वादालाखाराच्या इन्फान्तादो राजवाड्याच्या दर्शनी भागावर ती आहे.